भूक लागली की बसून खायचं

दुपारचं काम उरकून रेडिओजवळ बसलेल्या, आणि भांडी घासता घासता ऐकणाऱ्या सगळ्या ताया-मावश्यांना आटगावच्या आमच्या गटाचा नमस्कार.

आज आम्ही बोलणार आहोत हॉटेलात बसून खाण्याबद्दल. काही जणींना हसू येईल. बचत, शेती, शाळा, दवाखाना हे विषय सोडून हे काय काढलं, असंही वाटेल. पण या विषयात दवाखानाही आहे, बचतही आहे, आणि आपला मानही आहे. कसं ते ऐका.

आपण गावाबाहेर कधी जातो ते आठवा. शहापूरला तहसील कचेरीत दाखल्यासाठी जातो. उपजिल्हा रुग्णालयात जातो. बँकेत जातो. मुरबाडकडच्या बहिणी एसटीने कल्याण गाठतात. दुखणं मोठं असलं तर ठाणं, कळवा, उल्हासनगर. सकाळची लोकल धरायची म्हणजे अंधारात उठायचं, घरच्यांची भाकर-कालवण करून ठेवायचं, आणि आपण घोटभर चहा पिऊन निघायचं. तिकडे रांग, शिक्का, "साहेब जेवायला गेलेत", पुन्हा रांग. कसारा बाजूच्या गाड्या मोजक्या. घरी पोचायला दिवेलागण होते. दिवसभरात पोटात काय गेलं? दोन कप चहा, फार तर बिस्किटाचा पुडा. कोणी विचारलं तर आपलं उत्तर ठरलेलं असतं, "घरी जाऊनच जेवीन."

आमच्या गटात आम्ही एकदा याच गोष्टीवर बसून बोललो. एकटीने हॉटेलात जाऊन, खुर्चीवर बसून, स्वतःसाठी काही मागवून खाल्लंय असं कोणी कोणी केलंय, असं विचारलं. बहुतेक जणी गप्प राहिल्या. पोरांना वडापाव घेऊन दिला, नवऱ्याबरोबर एकदा मिसळ खाल्ली, लग्नाच्या खरेदीला सगळे गेलो तेव्हा डोसा खाल्ला, हे सगळं निघालं. एकटीचं काही निघेना. एक मावशी म्हणाली, "भूक लागते गं, पण पायरी चढवत नाही." पायरी का चढवत नाही, याची कारणं आम्ही एक एक करून मांडली. तीच आज तुमच्यापुढे ठेवतो.

पहिलं कारण पैसा. "एवढ्या पैशात घरी चार माणसांची भाजी होते," हे आपल्या तोंडात असतं. हिशेब खोटा नाही. पण त्याच हिशेबात आणखी एक रक्कम धरा. १७ मार्च २०२३ पासून महाराष्ट्रात एसटीला बायांना अर्धं तिकीट आहे. मुरबाडहून कल्याणला जाऊन यायचं तर जाताना अर्धे आणि येताना अर्धे पैसे वाचतात. वाचलेल्या पैशात उसळपाव किंवा इडली येते. तेवढं त्या दिवशी आपल्या पोटाला द्यायला काय हरकत आहे? घरी जाऊन जेवीन म्हणणारी बाई संध्याकाळी घरी पोचते तेव्हा तिच्यापुढे ताट नसतं, चूल असते. आधी सगळ्यांचं रांधायचं, मग वाढायचं, मग उरलं तर तिचं. म्हणजे सकाळचा चहा ते रात्रीचा घास, मध्ये बारा-चौदा तास.

त्यात दवाखान्याचं काम असलं तर उपास जास्तच महाग पडतो. साखरेची तपासणी दोनदा असते. पहिलं रक्त उपाशीपोटी घेतात. मग सांगतात, जेवून या. जेवायला सुरुवात केल्यापासून दोन तासांनी दुसरं रक्त घेतात. आपल्यातल्या कित्येक बाया ते दोन तास दवाखान्याच्या ओट्यावर नुसत्या बसून काढतात, चहा-बिस्किटावर, आणि तशाच दुसरं रक्त देतात. मग जेवणानंतर साखर किती चढते ते डॉक्टरांना कळणार कसं? तपासणी होऊनही उपयोग नाही. ज्यांना साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी तर जेवण चुकवूच नये. साखर एकदम उतरली की घाम फुटतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. गाडीच्या गर्दीत असं झालं तर काय होईल याचा विचार करा. पोटुशी बाई, अंगावर पाजणारी बाई, यांचंही तेच.

रक्त कमी असणं तर आपल्या घराघरात आहे. २०१९ ते २१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या पंधरा ते एकोणपन्नास वर्षांच्या बायांमध्ये शंभरातल्या सत्तावन्न जणींचं रक्त कमी निघालं. म्हणजे निम्म्याहून जास्त. दिवसभर चहावर राहणं त्यांना परवडणारं नाही.

दुसरं कारण नजर. हॉटेलात सगळे बाप्ये बसलेले असतात. आपण आत गेलो की चार माना वळतात. पोऱ्या येऊन विचारतो, "किती जण?" एकटी म्हटलं की त्याच्या चेहऱ्यावर प्रश्न दिसतो. जुन्या हॉटेलांत बायांसाठी वेगळी फॅमिली रूम असे. मुंबईच्या इराण्यांकडेही पडदे लावलेल्या खोल्या असत. बाई आली की आत पाठवायची, बाहेरच्या टेबलावर बसवायची नाही. लेकराला पाजायचं असेल तर अशी आडोशाची जागा बरी पडते, ते आम्हीही मानतो. पण जायचं की नाही ते आपण ठरवायचं. बाहेर पंख्याखाली टेबल मोकळं असेल तर तिथे बसायला कोणाची परवानगी लागत नाही.

हे आम्ही मनाने सांगत नाही. आपल्या राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात हे लिहिलेलं आहे. दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं, करमणुकीच्या जागा, तसंच विहिरी, तळी, रस्ते, इथे कोणाही नागरिकाला केवळ धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्माचं ठिकाण यावरून अडवता येणार नाही. लिंग हा शब्द त्यात आहे, म्हणजे बाई म्हणूनही अडवता येत नाही. २६ जानेवारी १९५० पासून हे लागू आहे. घटना लिहिणाऱ्यांना हॉटेलाचं नाव त्यात घालावं लागलं, कारण तोवर हॉटेलांत काय चालायचं ते सगळ्यांना माहीत होतं. पाट्यांवर जात लिहिलेली असायची. दलित माणसाला चहा बाहेर उभं राहून घ्यावा लागायचा, त्याची कपबशी वेगळी, ती त्यानेच विसळून ठेवायची. आपल्या आज्यांनी हे डोळ्यांनी पाहिलेलं आहे. काही ठिकाणी ते कायद्यानंतरही कितीतरी वर्षं सुटलं नाही.

बसून खाण्याचा हक्क दुसरीकडेही मागावा लागला आहे. अमेरिकेत ग्रीन्सबरो नावाचं गाव आहे. तिथे एका मोठ्या दुकानात काळ्या लोकांना वस्तू विकत मिळत, पण त्याच दुकानातल्या खाण्याच्या कट्ट्यावर बसायला बंदी होती. १ फेब्रुवारी १९६० ला चार काळे विद्यार्थी त्या कट्ट्यावर जाऊन बसले आणि त्यांनी कॉफी मागितली. दिली नाही. ते दुकान बंद होईपर्यंत उठले नाहीत. दुसऱ्या दिवशी आणखी मुलं आली, मग आणखी, मग इतर गावांतही हेच सुरू झालं. जुलै महिन्यात त्या कट्ट्यावर काळ्या माणसांना बसून खायला मिळू लागलं. आणि आपल्या शेजारी, पाकिस्तानात कराचीला, २०१५ साली काही मुलींनी ठरवलं की ढाब्यावर फक्त पुरुषांनीच का बसायचं? त्या ढाब्यावर बसून चहा प्यायला लागल्या आणि आपले फोटो सगळ्यांना दाखवायला लागल्या. त्यांनी कोणाशी भांडण केलं नाही. बसल्या आणि चहा प्यायल्या.

आता एक गोष्ट तुम्हीच सांगा. बाहेरचं खाणं हे बाप्यांचं काम, असं म्हणायचं तर ते रांधतं कोण? आपल्या हायवेवरच्या ढाब्यांत भाकऱ्या थापायला, कांदे चिरायला, भांडी घासायला आपल्याच पाड्यांवरच्या बाया जातात. मुंबईच्या गिरणगावात तर खानावळी बायांनीच चालवल्या. गिरण्यांत काम करणारे गडी घरदार गावाला ठेवून आलेले. त्यांना दोन वेळचं जेवण घालणाऱ्या बाया एका खोलीत पंधरा-वीस जणांचा स्वयंपाक करायच्या, वाण्याकडून उधारीवर सामान आणायच्या, आणि त्या उधारीतच अडकायच्या. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी या बायांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. आज आपण बचत गटात जे करतो, त्याचीच ती आधीची वाट. चुलीपाशी बाई चालते, तर टेबलापाशी का चालू नये?

आणखी एक सांगतो. मुंबईच्या हॉटेलात बसलं की आधी पाण्याचा पेला येतो. ते पाणी कुठलं? तानसा, भातसा, मोडकसागर, मध्य वैतरणा. आपल्या शहापूर तालुक्यातलं आणि त्याच्या आसपासचं. एप्रिल-मे महिन्यात आपल्या पाड्यांवर टँकरची वाट बघायची आणि तिकडे पेला टेबलावर न मागता येतो. निदान तो पेला समोर आल्यावर अंग चोरून बसू नका.

तिसरं कारण म्हणजे काय मागवायचं ते कळत नाही. कार्डावरची नावं वाचता येत नाहीत, वाचली तरी पदार्थ कळत नाही, आणि विचारलं तर हसतील ही भीती. यावर आमचा उपाय सोपा आहे. पोऱ्याला सरळ विचारायचं, "गरम काय आहे? केवढ्याला आहे?" दर विचारण्यात कमीपणा नाही. बाजारात मेथीची जुडी आपण विचारल्याशिवाय घेत नाही. आधी दर, मग ऑर्डर. पाण्याची बाटली आणून ठेवली आणि नको असेल तर "साधं पाणी द्या" म्हणायचं.

मिसळ किंवा उसळपाव असेल तर एकटीसाठी तो चांगला. मटकी, मूग, वाटाणा यांची उसळ पोटाला धरून राहते. रस्सा उकळता असतो, त्यामुळे पोट बिघडायची भीती कमी. वर लिंबू पिळून घ्या. कडधान्यातलं लोह अंगी लागायला लिंबू मदत करतं. आणि चहा लगेच त्याच्यावर घेऊ नका, तासाभराने घ्या, कारण चहा ते लोह अंगी लागू देत नाही. तिखट सोसत नसेल तर "तर्री कमी" सांगायचं. ठाण्याला गेलात तर तिथली मामलेदार मिसळ नावाजलेली आहे. तहसील कचेरीशेजारी सुरू झाली म्हणून मामलेदार हे नाव. कचेरीच्या रांगेतल्या माणसांना भूक लागते हे कोणीतरी ओळखलं होतं. ती मिसळ मात्र झणझणीत असते, तेवढं लक्षात ठेवा.

वडापाव सगळ्यांच्या ओळखीचा. पाव आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आला, गोव्यात आजही पाववाल्याला पोदेर म्हणतात. वडा आपला. दोन्ही एकत्र करून विकायला १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी सुरुवात केली असं सांगतात. गाडी धरायच्या घाईत एका हाताने खाता येईल असं ते खाणं. १९८२ च्या गिरणी संपानंतर काम गेलेल्या कित्येक कामगारांनी वडापावच्या गाड्या टाकल्या. घाईत वडापाव खायला हरकत नाही. पण ते जेवण नव्हे. वेळ असेल तर राईस प्लेट किंवा पुरीभाजी मागवा, इडली-सांबार घ्या.

आता सँडविच. आपल्या कॉलेजला जाणाऱ्या मुली ते खातात आणि आपण "पावाचे तुकडे खाऊन पोट भरतं का" म्हणतो. त्यात काय असतं ते बघा. पावाच्या कापाला लोणी, कोथिंबीर-पुदिना-मिरचीची हिरवी चटणी, वर उकडलेला बटाटा, काकडी, टोमॅटो, बीट, कांदा, मसाला, आणि दुसरा काप. साहेबाचा पाव, पण आतलं सगळं आपल्या परड्यातलं. शहापूर-मुरबाडची काकडी कल्याणच्या बाजारात जाते, मग ती आपण का खाऊ नये? पाव मैद्याचा असतो, लवकर भूक लागते, म्हणून बटाटा आणि भाज्या भरपूर घालायला सांगा. पावसाळ्यात कच्चं घेऊ नका. चिरून ठेवलेल्या काकडी-टोमॅटोवर माशा बसतात. टोस्ट करून, गरम घ्या.

तळणीचं तेल काळं पडलेलं, धुरकट दिसलं तर भजी-वडा नको. वर्तमानपत्रात बांधून देत असतील तर नको म्हणा, शाई अन्नात उतरते. हॉटेलात भिंतीवर अन्नसुरक्षा नोंदणीचा चौदा आकडी नंबर लावलेला असायला हवा, तोही नजरेखालून घाला.

चौथं कारण आपण मोठ्याने बोलत नाही. लघवीला जायचं कुठे? म्हणून आपण दिवसभर पाणीच पीत नाही. मग जळजळ, ताप, आणि पुन्हा दवाखाना. हॉटेलात शिरतानाच गल्ल्यावर विचारा, "बाथरूम आहे का?" नसेल तर दुसऱ्या हॉटेलात जा. गिऱ्हाईक बाथरूमसाठी परत जातं हे मालकाला कळलं की तो करेल सोय. हायवेवर असाल तर पेट्रोल पंपावर पिण्याचं पाणी आणि शौचालय लोकांना फुकट असायला हवं, तसा नियम आहे. कुलूप असेल तर चावी मागा.

शेवटचं कारण सगळ्यात अवघड. घरची उपाशी असताना आपण एकटीने कसं खायचं? घास तोंडाशी नेला की लेकरू आठवतं. मग आपण अर्धा वडा कागदात बांधून पदराला गुंडाळतो. बायांनो, लेकरासाठी वेगळं घ्या, जमेल तेवढं. पण आपल्या ताटातलं आपण संपवा. घरी मागे राहिलेल्यांचं रांधून ठेवूनच आपण निघालेलो असतो. ते जेवलेले आहेत. उपाशी आपण आहोत.

आता गटांसाठी आमचं म्हणणं. गटाच्या कामाला दोघी बँकेत जातात, पंचायत समितीत जातात, मालाची चौकशी करायला जातात. वहीत आपण तिकीट लिहितो. जेवण लिहीत नाही. कारण बाईचं जेवण खर्चात धरायचं असतं हे आपल्याच डोक्यात नसतं. आमच्या गटाने ठराव केला आहे : गटाच्या कामाला जी जाईल तिला तिकीट आणि एक वेळचं जेवण. किती रुपयांपर्यंत ते बैठकीत ठरवलं, इतिवृत्तात लिहिलं, सह्या-अंगठे झाले. आल्यावर तिने सांगायचं, काय खाल्लं. "नाही खाल्लं, पैसे परत आणले" असं म्हणून चालणार नाही, असंही आम्ही त्यातच लिहिलं आहे. कारण ठराव झाल्यावर पहिल्यांदा गेलेल्या दोघींनी नेमकं तेच केलं होतं!

तुमच्या गटातही पुढच्या बैठकीला हा विषय घ्या. ज्यांना एकटीला धीर होत नाही त्यांनी पहिल्या वेळी दोघी-तिघी मिळून जा. एकीने दर विचारायचा, दुसरीने बाथरूम विचारायचं. सासूबाईंना बरोबर न्या, त्यांनी तर आयुष्यात कधी टेबलावर बसून कोणाकडून वाढून घेतलेलं नसेल. आणि ज्या घरची माणसं हॉटेल किंवा ढाबा चालवतात त्यांच्या कानावरही घाला : एकटी बाई आली तर "किती जण?" असं दोनदा विचारू नका. पाण्याचा पेला ठेवा आणि काय हवं ते विचारा.

आमचं बोलणं झालं. परवा आमच्यातल्या दोघी तपासणीला ठाण्याला निघाल्या आहेत. पहिलं रक्त दिल्यावर कुठे बसून काय खायचं, ते त्यांनी आजच ठरवून ठेवलं आहे.

नमस्कार.